एकच प्रत : इन्स्टंट फिल्म वाया न घालवता वापरायची रीत

इन्स्टंट कॅमेऱ्यातून बाहेर आलेल्या फोटोला निगेटिव्ह नसते आणि फाइलही नसते. समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून परतलेला उजेड ज्या पानावर पडला, तेच पान काही मिनिटांनी आपल्या हातात असतं. त्याची हुबेहूब दुसरी प्रत निघत नाही. स्कॅन केलं तर मिळतं ते त्या फोटोचं चित्र. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असतानाही इन्स्टॅक्स आणि पोलरॉइड हे इन्स्टंट कॅमेरे टिकून आहेत ते याचमुळे, असं आमचं ठाम मत आहे. पांढरी चौकट, फिकट रंग, जुनेपणाचा भास हे सगळं ॲपमध्येही मिळतं. तिथल्या तिथे समोरच्याच्या हातात देता येईल अशी एकुलती एक वस्तू ॲप देत नाही.

मात्र चुकलेली फ्रेमही पुसता येत नाही. इन्स्टॅक्सच्या पॅकमध्ये १० फोटो असतात, पोलरॉइडच्या नेहमीच्या पॅकमध्ये ८. पहिल्या पॅकमधले बरेचसे फोटो त्याच त्या चार-पाच चुकांमुळे जातात, आणि त्या चुका आधी माहीत असल्या तर टाळता येतात.

आत काय घडतं

पोलरॉइड कंपनीचे संस्थापक एडविन लँड यांनी २१ फेब्रुवारी १९४७ रोजी न्यूयॉर्कमध्ये या तंत्राचं पहिलं जाहीर प्रात्यक्षिक दाखवलं. नोव्हेंबर १९४८ मध्ये बोस्टनच्या एका मोठ्या दुकानात पोलरॉइडचा पहिला कॅमेरा विक्रीला आला. त्या काळी दोन कागद एकमेकांपासून सोलून काढावे लागत. काहीही न सोलता आपोआप उमटणारा फोटो आला तो १९७२ च्या एसएक्स-७० कॅमेऱ्याबरोबर, आणि आजची फिल्म त्याच घडणीची आहे.

फोटोची खालची पांढरी पट्टी रुंद असते ती शोभेसाठी नव्हे. तिच्यात दाट, अल्कधर्मी रसायनाची पुडी दडवलेली असते. बटण दाबल्यावर फिल्म दोन रोलरमधून पिळून बाहेर येते, पुडी फुटते आणि रसायन दोन थरांच्या मध्ये सारखं पसरतं. पोलरॉइडमध्ये निळ्या, हिरव्या आणि लाल उजेडाला जागे होणारे तीन थर असतात आणि प्रत्येकाखाली अनुक्रमे पिवळा, मॅजेंटा (किरमिजी) आणि सायन (हिरवट निळा) रंग ठेवलेला असतो. ज्या जागी उजेड पडला तिथला रंग अडकून बसतो. उरलेला वर सरकतो आणि त्याचंच चित्र बनतं. त्याच रसायनात उजेड अडवणारा एक गडद रंग मिसळलेला असतो. चित्र तयार होईपर्यंत तो पडद्याचं काम करतो आणि मग स्वतः बेरंग होत जातो.

यातून तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. रसायन पातळ-दाट होणं तापमानावर अवलंबून आहे. ते सारखं पसरणं रोलरवर अवलंबून आहे. आणि बाहेर आलेला फोटो अजून ओला, अर्धवट आणि नाजूक असतो. पुढे सांगितलेले बहुतेक बिघाड या तिन्हींपैकी कशात तरी सापडतात.

कोणत्या कॅमेऱ्यात कोणती फिल्म

फिल्म घेताना सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. फोडलेला पॅक दुकानदार परत घेत नाही, म्हणून डबा नीट वाचावा.

इन्स्टॅक्सचे तीन आकार आहेत. मिनीचं चित्र ६२ × ४६ मिलिमीटर, म्हणजे साधारण पाकिटात मावेल एवढं. स्क्वेअरचं ६२ × ६२. वाइडचं ९९ × ६२. तिन्ही फिल्म आयएसओ ८०० च्या आहेत (फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे ते हा आकडा सांगतो), पण एकीचा पॅक दुसरीच्या कॅमेऱ्यात बसत नाही.

पोलरॉइडमध्ये घोळ जास्त आहे. आय-टाइप आणि ६०० या फिल्म आकाराने सारख्या आणि दोन्ही आयएसओ ६४० च्या आसपास. फरक सेलचा आहे. जुन्या ६०० कॅमेऱ्यांना स्वतःचा सेल नसतो, तो फिल्मच्या पॅकमध्येच तळाशी चपटा बसवलेला असतो. आय-टाइपच्या पॅकमध्ये तो नसतो. म्हणून आय-टाइपचा पॅक जुन्या ६०० मध्ये घातला तर कॅमेरा जागाच होत नाही. उलट ६०० चा पॅक नव्या आय-टाइप कॅमेऱ्यात व्यवस्थित चालतो, फक्त सेलचे पैसे उगाच जातात. एसएक्स-७० ची फिल्म आयएसओ १६० च्या आसपास आहे. त्या कॅमेऱ्यात ६०० ची फिल्म घातली तर चौपट संवेदनशील फिल्मवर तेवढाच उजेड पडतो आणि फोटो पांढराफटक निघतो. ते टाळायला लेन्ससमोर दोन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड एक-चतुर्थांशावर आणणारी राखाडी काच, लावावी लागते. ‘पोलरॉइड गो’ या छोट्या कॅमेऱ्याची छोटी फिल्म फक्त त्याच कॅमेऱ्यात चालते.

घरातल्या कपाटात जुना ६०० सापडला असेल तर आणखी एक गोष्ट. त्याचा आकडा १० पासून मोजतो, आजच्या पॅकमध्ये फोटो ८ च असतात. आकडा २ वर थांबला की पॅक संपला. कॅमेरा बिघडला असं समजून मागचं-पुढचं उघडत बसू नये.

नवा माणूस असेल तर आम्ही इन्स्टॅक्स मिनीच सुचवू. फोटो स्वस्त पडतो, फिल्म उन्हापावसात जास्त तग धरते आणि रंग भरवशाचे येतात. पोलरॉइडचं मोठं चौकोनी चित्र, त्याचे मऊ रंग आणि त्यातला हलकासा अनिश्चितपणा याला तोड नाही, पण ती फिल्म लाड करून घेते. पोलरॉइड कंपनीने २००८ मध्ये फिल्म बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा काही जणांनी नेदरलँड्समधल्या एन्शेडेच्या कारखान्यातली यंत्रं वाचवली आणि २०१० मध्ये नव्या रसायनांनी पुन्हा फिल्म काढली. जुन्या काळची काही रसायनं तोवर मिळेनाशी झाली होती. आजची पोलरॉइड फिल्म याच वंशातली आहे. जुन्या पोलरॉइडच्या आठवणीने ती हाती घेतली तर हा फरक जाणवतो.

पॅक भरणं

१. हात कोरडे हवेत. फिल्म फ्रिजमध्ये ठेवली असेल तर चंदेरी पाकीट न फोडता तासभर बाहेर राहू द्या. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत थंड पाकीट लगेच फोडलं तर फिल्मवर पाणी धरतं.

२. पाकीट फोडल्यावर पॅक दोन्ही कडांनी धरा. इन्स्टॅक्सच्या पॅकच्या पाठीवर दोन आयताकृती खाचा असतात, तिथे बोट दाबू नका. पोलरॉइडचा पॅकही मधोमध दाबायचा नाही, आत रसायनाच्या पुड्या आहेत.

३. इन्स्टॅक्समध्ये पॅकवरची आणि कॅमेऱ्यातली पिवळी खूण एकमेकींसमोर आणून पॅक सरळ आत बसवा. जोर लागत असेल तर काहीतरी उलटं आहे.

४. झाकण बंद करा. मिनीमध्ये आता आकड्याच्या जागी ‘एस’ दिसतो. एकदा बटण दाबा, काळं पान बाहेर येईल. हा बिघडलेला फोटो नाही, फिल्म झाकणारं कव्हर आहे. ते उमटायची वाट पाहू नका, पण टाकूनही देऊ नका. पोलरॉइडचं कव्हर पुढे उन्हात फोटो झाकायला कामी येतं.

५. यानंतर आकडा संपेपर्यंत मागचं झाकण उघडायचं नाही. ‘किती उरलेत बघू’ म्हणून क्षणभर उघडलं तरी वरची फ्रेम पूर्ण पांढरी होते आणि खालच्या एक-दोन फ्रेमच्या कडा भाजून निघतात. चुकून उघडलंच तर तत्क्षणी बंद करा आणि पुढचे एक-दोन फोटो बिनमहत्त्वाच्या गोष्टींवर घालवा. त्यामागचे बहुधा वाचलेले असतात.

सेलबद्दल थोडं. इन्स्टॅक्स मिनी १२ या कॅमेऱ्याला दोन अल्कलाइन पेन्सिल सेल लागतात आणि नव्या जोडीत साधारण १० पॅक निघतात. एक नवा एक जुना असं घालू नये. सेल उतरले की फ्लॅश तयार व्हायला वेळ लागतो आणि मोटर फोटो ओढत ओढत बाहेर काढते. रसायन त्यामुळे सारखं पसरत नाही आणि चित्रावर आडवे पट्टे येतात. लोक अशा वेळी फिल्मला दोष देतात.

उजेड : इथेच फोटो ठरतो

इन्स्टंट फिल्मची झेप तोकडी आहे. मोबाइल सावलीतला चेहरा आणि मागचं ऊन दोन्ही एकाच फोटोत सांभाळतो, कारण तो अनेक फोटो जोडत असतो. या फिल्मला ते जमत नाही. पांढरं धोतर आणि सावळा चेहरा भर दुपारच्या उन्हात एकत्र आले, तर एकतर धोतराच्या चुण्या नाहीशा होतात किंवा चेहरा काळवंडतो. म्हणून फोटो काढायच्या आधी डोळे किलकिले करून बघा. किलकिल्या डोळ्यांना जे नुसतं पांढरं किंवा नुसतं काळं दिसतं, ते फिल्मलाही तसंच दिसणार.

सर्वांत चांगला उजेड ओसरीचा. बाहेर ऊन आहे आणि माणूस छपराच्या सावलीत, तोंड उजेडाकडे करून बसला आहे, अशा वेळी चेहऱ्यावर सारखा, मऊ प्रकाश येतो आणि मागचा भाग थोडा गडद राहतो. ओसरी नसेल तर खिडकी. माणसाला खिडकीपासून थोड्या अंतरावर, खिडकीकडे तोंड करून बसवा आणि खिडकी आपल्या खांद्यामागे ठेवा. उघड्यावर सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी चारच्या नंतर, सूर्य आपल्या पाठीशी तिरपा असताना काढलेले फोटो क्वचितच दगा देतात. ढगाळ दिवस चेहऱ्यांसाठी उत्तम, देखाव्यासाठी वाईट, कारण आभाळ कोरं पांढरं येतं.

खिडकीच्या पुढ्यात पाठ करून उभा राहिलेला माणूस ही ठरलेली चूक आहे. कॅमेऱ्याचा सेन्सर मागचा लख्ख उजेड मोजतो, त्या हिशेबाने फिल्मला कमी उजेड देतो आणि माणसाचा काळा आकार उरतो. माणूस फ्लॅशच्या टप्प्यात असेल तर थोडं निभावतं, पण जागा बदलणं केव्हाही बरं.

मिनी ११ आणि १२ मध्ये उजेड कॅमेरा स्वतः ठरवतो आणि फ्लॅश दर वेळी पडतो, बंद करता येत नाही. म्हणजे सगळं नियोजन अंतराचं. मिनी १२ चा फ्लॅश साधारण २.२ मीटरपर्यंतच पोहोचतो. रात्री अंगणातल्या रांगोळीमागे वीस फुटांवर उभी राहिलेली माणसं त्यात येणार नाहीत. त्यांना जवळ बोलवा. अंधारात हा कॅमेरा शटर अर्ध्या सेकंदापर्यंत उघडं ठेवू शकतो, त्यामुळे पणत्या आणि माळा मागे उमटतात, पण हात हलला तर त्यांच्या रेघा होतात. कोपर टेबलावर किंवा कठड्यावर टेकवा, श्वास रोखा, आणि क्लिक झाल्यावरही क्षणभर तसेच थांबा.

जुन्या मिनी ८ आणि ९ मध्ये गोष्ट वेगळी. तिथे शटर कायम १/६० सेकंद असतं. कॅमेरा दिव्याने सुचवतो त्या खुणेवर लेन्सभोवतीची चकती आपण फिरवायची. ती न फिरवता घरातल्या खुणेवर ठेवून बाहेर उन्हात फोटो काढला की पांढरा कागद हाती येतो. या दोन्ही कॅमेऱ्यांवर फोटो वाया जाण्याचं पहिलं कारण हेच.

आणखी ताबा हवा असेल तर मिनी ९० घ्या. फ्लॅश बंद करता येतो, फोटो उजळ किंवा गडद करायची सोय आहे, एकाच फ्रेमवर दोन फोटो घेता येतात आणि शटर १० सेकंदांपर्यंत उघडं ठेवता येतं. दिवाळीच्या आकाशकंदिलाचा फोटो तिवईवर ठेवून, फ्लॅश बंद करून काढावा. फ्लॅश पडला की कंदिलाच्या आतला उजेड मरतो आणि नुसता रंगीत कागद दिसतो.

फ्लॅशच्या दोन खोड्या. काचेसमोर किंवा आरशासमोर सरळ उभे राहिलात तर फोटोत पांढरा गोळा येईल, म्हणून थोडं तिरपं उभं राहा. चष्म्याच्या बाबतीत समोरच्याला हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा. पैठणीचा जरीकाठ थेट फ्लॅशमध्ये पांढरा पट्टा होऊन बसतो. खांद्याचा कोन थोडा वळवला की जर पुन्हा सोनेरी दिसते.

अंतर आणि नजरेची चूक

मिनीच्या व्ह्यूफाइंडरमधून आपण पाहतो ते लेन्सला दिसत नाही, कारण दोन्ही वेगवेगळ्या जागी आहेत. दोन मीटरवर हा फरक जाणवत नाही. अर्ध्या मीटरवर मात्र कान कापला जातो किंवा चेहरा एका बाजूला सरकतो. उपाय सोपा आहे. व्ह्यूफाइंडरमधून चौकट जुळवा, मग कॅमेरा न वळवता इतकाच बाजूला सरकवा की मघाशी व्ह्यूफाइंडर होता तिथे आता लेन्स येईल. बटण तिथे दाबा. मिनी १२ मध्ये लेन्स आणखी एक टप्पा फिरवून क्लोज-अप लावला की व्ह्यूफाइंडर ही चूक बऱ्याच अंशी स्वतः सुधारतो. तो टप्पा ३० ते ५० सेंटिमीटरसाठीच आहे. सेल्फीसाठी लावायला विसरलात तर चेहरा धूसर येतो, आणि लावलेला काढायला विसरलात तर पुढचा समूह-फोटो बिघडतो.

पोलरॉइडच्या जुन्या, साध्या ६०० डबा-कॅमेऱ्यांत फोकस कायमचा ठरलेला असतो. त्यांच्या चार फुटांच्या आत जाऊ नका.

या छोट्या चौकटीत माणसं लहान दिसतात. मिनीमध्ये दहा जणांचा फोटो काढला तर चेहरे तांदळाएवढे येतात. तीन-चार माणसं, कमरेपासून वर, एवढंच मिनीला साजतं. मिनी नेहमीसारखा धरला तर फोटो उभा येतो आणि कुशीवर वळवून धरला तर आडवा, हे पहिल्या दिवशी गोंधळात टाकतं.

फोटो बाहेर आल्यावर

हलवू नका. फोटो झटकायची सवय सोलायच्या फिल्मच्या काळातली आहे, तेव्हा वर आलेली ओल सुकवायला तिचा उपयोग होता. आजचा फोटो पूर्ण बंद असतो, आत हवा जातच नाही. झटकल्याने थर एकमेकांपासून सुटू शकतात आणि चित्रात भेगा किंवा फुगे दिसतात. दाबू नका, वाकवू नका, लगेच पाकिटात घालू नका.

इन्स्टॅक्सचा फोटो साधारण दीड मिनिटात उमटतो आणि त्याला उजेडापासून लपवायची गरज नसते. पोलरॉइडला असते. बाहेर येताना कॅमेऱ्याची काळी पट्टी त्याच्यावर पसरते. तिच्याखाली त्याला पाचेक सेकंद राहू द्या, मग हाताची सावली करून फोटो काढून घ्या आणि पालथा ठेवा. रंगीत फोटोला १० ते १५ मिनिटं, कृष्णधवलला ५ ते १० मिनिटं लागतात. मध्येच उलटून बघायचा मोह होतो. घरात बघितलं तर फारसं बिघडत नाही, उन्हात बिघडतं.

आता तापमान. पोलरॉइडला १३ ते २८ अंश सेल्सिअस मानवतं. त्याखाली फोटो फिके आणि निळसर-हिरवट येतात, त्यावर पिवळट-तांबूस. म्हणजे नागपूर-अकोल्याच्या एप्रिलमध्ये ही फिल्म उघड्यावर वापरायची तर तयारी हवी. डबा गरम ठेवायची जी जाड पिशवी असते तिच्यात फडक्यात गुंडाळलेला बर्फाचा पाऊच ठेवा, त्यावर कॅमेरा किंवा सुटे पॅक, आणि फोटो बाहेर आला की तो पालथा त्याच पिशवीत. बर्फाला फोटो थेट चिकटू देऊ नका. महाबळेश्वरच्या थंडीत किंवा हिमालयात याच्या उलट, फोटो लगेच स्वेटरच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. इन्स्टॅक्सचा टप्पा ५ ते ४० अंशांचा आहे, म्हणून आपल्याकडच्या बहुतेक दिवसांत तो तक्रार करत नाही. पण उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर कोणतीच फिल्म टिकत नाही.

काय बिघडलं ते फोटोवरून ओळखा

बिघडलेला फोटो फेकू नका, तो बरंच सांगतो.

पूर्ण पांढरा आला, तर झाकण उघडलं गेलं असेल, जुन्या मिनीची चकती चुकली असेल, किंवा फार जवळून फ्लॅश पडला असेल. सगळे फोटो फिकुटलेले येत असतील तर बोटं कुठे आहेत ते बघा. समोरच्या छोट्या सेन्सरवर बोट आलं की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, आणि तो जास्त उजेड घेतो. फ्लॅशवर बोट आलं तर उलट, अर्धा फोटो काळा.

मध्ये माणसं नीट आणि मागे मिट्ट काळोख, तर फ्लॅश मागे पोहोचला नाही. माणसांना भिंतीच्या जवळ, पण चिकटून नव्हे, अर्ध्या मीटरवर उभं करा. अगदी चिकटली तर डोक्यामागे कडक सावली पडते.

वरच्या कोपऱ्यात पांढरा किंवा तपकिरी त्रिकोण, तर रसायन तिथवर पोहोचलंच नाही. फिल्म थंड होती, जुनी होती, किंवा फोटो बाहेर येताना फटीसमोर हात आला. इन्स्टॅक्समध्ये फोटो वरच्या बाजूने निघतो आणि ती बाजू पकडून कॅमेरा धरायची सवय अनेकांना असते.

ठरावीक अंतराने तेच ते ठिपके किंवा डाग, तर रोलरवर वाळलेलं रसायन आहे. रोलर फिरताना तोच कण पुन्हा पुन्हा दाबला जातो. पोलरॉइडचं पुढचं झाकण उघडून पाण्याने ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने रोलर फिरवत पुसा आणि वाळल्यावरच नवा पॅक घाला. हे दर पॅकनंतर करावं. नखाने किंवा सुरीने खरवडू नका. एक चरा पडला की तो प्रत्येक फोटोत दिसतो.

फोटो अर्धाच बाहेर येऊन अडकला, तर ओढू नका. सेल बदला, कॅमेरा बंद-चालू करा, तो बहुतेक वेळा स्वतःच बाहेर टाकतो. फाटलेल्या फोटोतून पांढरा लगदा हाताला लागला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि लहान मुलांना दूर ठेवा, तो दाहक असतो.

लग्नकार्यात

साखरपुड्यात किंवा लग्नात पाहुण्यांचे फोटो काढून वहीत लावायची पद्धत आता रुळली आहे. त्याचा हिशेब आधी करावा. दोनशे पाहुणे, एका फोटोत सरासरी चार, म्हणजे ५० फोटो, म्हणजे ५ पॅक. चुकलेल्यांसाठी एक आणि ‘एक मला घरी न्यायला’ म्हणणाऱ्यांसाठी निदान दोन पॅक जास्तीचे घ्या. सेलची एक नवी जोडी खिशात.

एक कोपरा ठरवून टाका. भिंत साधी हवी, चकचकीत पडदा नको, त्यावर फ्लॅश उसळतो. स्टेजचे मोठे दिवे माणसांच्या मागे येऊ देऊ नका. भिंतीपासून अर्ध्या मीटरवर माणसांसाठी आणि त्यापुढे दीड मीटरवर कॅमेऱ्यासाठी जमिनीवर चिकटपट्टीची खूण करा. अंतर एकदा बरोबर ठरलं की पन्नासच्या पन्नास फोटो सारखे येतात, आणि कॅमेरा पुतण्याच्या हाती दिला तरी चालतो. हळदीच्या दिवशी कॅमेरा धरणाऱ्याचे हात स्वच्छ राहतील एवढं बघा.

लिहायला बॉलपेन नको, ते गुळगुळीत पट्टीवर घसरतं. बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर घ्या आणि शाई वाळेपर्यंत अर्धा मिनिट थांबा. वहीत डिंकाने चिकटवू नका, फोटोचे कोपरे अडकवायची कागदी त्रिकोणं वापरा. त्यातून फोटो कधीही काढता येतो.

जपणं

न वापरलेली फिल्म फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, बंद पाकिटात, आडवी. फ्रीजरमध्ये नाही, तिथे रसायन गोठून फिल्म कायमची बिघडते. इन्स्टॅक्सच्या डब्यावर मुदत छापलेली असते. पोलरॉइडवर मात्र तयार केल्याचा महिना असतो, तिथून वर्षभरात वापरावी. कॅमेऱ्यात भरलेला पोलरॉइडचा पॅक दोन महिन्यांच्या आत संपवलेला बरा.

विमानप्रवासात फिल्म आणि भरलेला कॅमेरा हातातल्या बॅगेत ठेवा. सामानात टाकलेल्या बॅगांवरचे किरण जास्त तीव्र असतात. सुरक्षा तपासणीत सीटी स्कॅनर असेल तर पॅक हाताने तपासायची विनंती करा. काढून पूर्ण उमटलेले फोटो मात्र निर्धास्त नेता येतात.

काढलेला पोलरॉइड फोटो पूर्ण वाळायला महिनाभर लागतो. तोवर त्याला हवाबंद अल्बममध्ये कोंडू नका, लॅमिनेशन तर कधीच नको. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. थेट उन्हाच्या भिंतीवर लावलेला फोटो फिका पडत जातो. घरातल्या वडीलधाऱ्यांचा एकच फोटो असेल तर तो सावलीत ठेवा आणि स्कॅन करून घ्या. स्कॅनरच्या काचेला फोटो चिकटला तर तेलाच्या तवंगासारखी रंगीत वर्तुळं उमटतात. चारही कडांखाली जाड कागदाच्या पातळ पट्ट्या ठेवून फोटो किंचित उचला, वर्तुळं जातात.

चित्राची साय उचलणं

फोटोतल्या चित्राचा पातळ थर सोडवून तो दुसऱ्या कागदावर बसवायचा हा प्रयोग पोलरॉइडच्या रंगीत फोटोवर करावा, इन्स्टॅक्सवर तो सहज जमत नाही. रबरी हातमोजे, दोन ट्रे, मऊ ब्रश, कात्री आणि जलरंगाचा जाड कागद लागतो.

पांढरी चौकट कात्रीने कापून टाका. कडेला पुढचं पारदर्शक प्लास्टिक आणि मागचा काळा थर यांच्यात नख घालून ते सावकाश वेगळे करा. चित्र पारदर्शक भागाला चिकटलेलं असतं. तो भाग हाताला सोसवेल इतक्या गरम पाण्यात, चित्राची बाजू वर करून बुडवा. काही मिनिटांत कडा सुटायला लागतात. ब्रशने कडेकडून मध्याकडे हलकेच ढकलत जा. दुधावरच्या सायीसारखा पातळ पापुद्रा तरंगू लागतो. त्यावरचा पांढरा लगदा ब्रशने धुऊन काढला तर चित्र पारदर्शक होतं, ठेवला तर रंग जास्त ठसठशीत दिसतात.

हा पापुद्रा दुसऱ्या ट्रेमधल्या गार पाण्यात सोडा. कागद पाण्याखालून त्याच्या खाली सरकवा, एक कड बोटाने कागदावर धरा आणि कागद तिरपा, हळूहळू वर उचला. पापुद्रा उलटा-सुलटा झाला तर पुन्हा पाण्यात सोडून सरळ करा, घाई केली तर फाटतो. कागदावर आल्यावर ब्रशच्या टोकाने सुरकुत्या हव्या तशा ठेवा किंवा काढा, जादा पाणी कडेने निथळू द्या आणि रात्रभर सपाट वाळत ठेवा. दुसऱ्या दिवशी कागद वाकडा झालेला दिसला तर वर कोरा कागद ठेवून जाड पुस्तकाखाली दोन दिवस दाबा.